डबा नको, बसायला या

प्रति,
वाढदिवस, जयंती, पुण्यतिथी, उत्सव आणि वर्धापनदिन या निमित्ताने सोलापुरात मोफत आरोग्य तपासणी शिबिरं भरवणारी सर्व मंडळं, संस्था, कारखानदार, नगरसेवक, होऊ घातलेले नगरसेवक आणि त्यांच्यासोबत येणारे डॉक्टर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी विडी घरकुल भागात मेडिकल चालवते. बावीस वर्षं झाली. डॉक्टर पेशंटला एकदा बघतात, तुम्ही वर्षातून एकदा बघता. मी महिन्याच्या महिन्याला बघते. गोळ्या न्यायला कोण आली, कोण आली नाही, तीस गोळ्यांच्या चिठ्ठीवर दहाच कोणी मागितल्या, आणि ‘ताई, त्यातली झोपेची तेवढी द्या, बाकी राहू द्या’ असं कोण म्हणाली, हे सगळं माझ्या काउंटरवर कळतं. म्हणून हे पत्र तुम्हाला मीच लिहावं असं वाटलं.

दिवाळीनंतर आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक शिबिर झालं. कोणाचं ते सांगत नाही, कारण सगळ्यांचीच शिबिरं तशी असतात. मंडप होता, खुर्च्या होत्या, सकाळी आठपासून स्पीकर होता. फ्लेक्सवर सतरा फोटो मी मोजले. तपासून घेणाऱ्या प्रत्येकीला स्टीलचा डबा होता. रांग अशी लागली की माझ्या दुकानाचं शटर अर्धं झाकलं गेलं. ज्यांचं बीपी जास्त निघालं त्यांच्या हातात चिठ्ठी दिली. त्या चिठ्ठ्या घेऊन माझ्याकडे चौघी आल्या. पुढच्या महिन्यात त्यातली एकच परत आली. डबे मात्र घरोघरी सुखरूप आहेत. एकीने तर मला त्याच डब्यातून शेंगा चटणी आणून दिली. चटणी फर्मास होती आणि मीठही मोकळ्या हाताने घातलेलं होतं.

आठवड्याने तुमच्यातले एक कार्यकर्ते दुकानात आले होते. मी त्यांना हा हिशेब सांगितला. ते म्हणाले, “काय करणार ताई, या बायकांना कळतच नाही. अजून जनजागृती पाहिजे.” मी तेव्हा काही बोलले नाही, दुकानात गर्दी होती. उत्तर आता देते.

त्यांना कळतं. बीपी म्हणजे काय, ते वाढलं की काय होतं, हे या भागातल्या कोणत्याही बाईला विचारा. अंगावरून वारं गेलेलं एक माणूस प्रत्येक गल्लीत आहे. माझ्या घरातही होतं.

माझी अम्मा पस्तीस वर्षं विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात कात्री, फर्म्यावर पान ठेवून कापायचं आणि वळायचं. हजाराच्या हिशेबाने मजुरी. अम्माला बीपी आहे हे पंचेचाळिशीत कळलं. गोळी सुरू झाली. दोन महिन्यांनी तपासलं तर बीपी एकदम ठीक. अम्माने गोळी बंद केली. मी डी. फार्म. केलेली तिची मुलगी समोर बसून सांगत होते, की अगं, गोळी चालू आहे म्हणून ठीक आहे. ती तेलुगूत म्हणायची, “अलवाटु अवुतुंदी.” सवय लागेल. आणि मग हसून मराठीत, “तुझं दुकान चालायला पाहिजे ना?”

मधे एकदा मी तिला जबरदस्तीने एका दवाखान्यात नेलं. तिथल्या बाईंनी आकडा बघितला आणि सगळ्यांसमोर ओरडल्या, “मरायचंय का? सांगून कळत नाही का तुम्हाला?” अम्माने पदर सारखा केला, उठली आणि चालू लागली. त्यानंतर ती कोणत्याही दवाखान्याची पायरी चढली नाही, ती मे महिन्यातल्या एका सकाळपर्यंत. त्या सकाळी पानं भिजवताना ती खाली बसली आणि उठली नाही. पुढची सहा वर्षं तिचा उजवा हात गेलेला होता. कधीतरी दुपारी ती फर्मा मागायची आणि डाव्या हाताने पान कापायचा प्रयत्न करायची. पान फाटायचं. ते बाजूला ठेवून दुसरं घ्यायची.

आता अम्माच्या ‘सवय लागेल’मधल्या त्या ‘लागणे’ या शब्दाकडे जरा बघा. दारू लागते, तंबाखू लागतो, तशीच ‘गोळी लागते’. जी बाई जन्मभर तंबाखू हाताळते आणि ज्याला तो लागला त्याचं काय झालं हे रोज बघते, तिने ‘एकदा लागली की सुटत नाही’ असल्या वस्तूपासून लांब राहावं, यात अडाणीपणा कुठे आहे? मला तर तो शहाणपणाच वाटतो, फक्त चुकीच्या जागी लावलेला. तुमचा फ्लेक्स या भीतीला हात घालतच नाही. तो सांगतो, ‘रक्तदाब नियमित तपासा’. ती म्हणते, बरं. तपासते. आणि डबा घेऊन घरी जाते.

डब्याबद्दल थोडं सविस्तर बोलायचं आहे, रागावू नका.

१९५९ साली लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना तासभर महाकंटाळवाणं काम दिलं. फळीवरच्या खुंट्या पाव-पाव फेरी फिरवायच्या, संपलं की पुन्हा फिरवायच्या. नंतर त्यांना सांगितलं, की बाहेर थांबलेल्या पुढच्या मुलीला ‘काम मजेदार आहे’ असं सांग. या थापेबद्दल काहींना एक डॉलर दिला, काहींना वीस. शेवटी प्रत्येकाला खरंखुरं मत विचारलं. वीस डॉलरवाले म्हणाले, कसली मजा. एक डॉलरवाल्यांना मात्र काम खरोखरच बरं वाटायला लागलं होतं. कारण उघड आहे. वीस डॉलरवाल्याला आपण असं का बोललो याचं कारण खिशातच सापडतं. एका डॉलरवाल्याला ते खिशात सापडत नाही, म्हणून तो ते मनात शोधतो.

आपली बाई शिबिराला का आली? डब्यासाठी. हे तिला माहीत आहे, शेजारणीला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. तिच्या तब्येतीशी त्या येण्याचा संबंध तुम्हीच तोडून टाकलात. वर डब्यावर नाव कोरलेलं, तेही तुमचं.

याच्या उलट काय झालं ते सांगते. आमच्या मागच्या गल्लीत आठ-नऊ बायका दुपारी एकत्र बसून विड्या वळतात. भिशी आहे त्यांची. तीन वर्षांपूर्वी त्यातल्या एकीचा नवरा अचानक गेला. चव्वेचाळीस वर्षांचा, लूमवर कामाला होता. दहाव्यानंतर मी सहज तिथे बसायला गेले. सवयीप्रमाणे सुरुवात केली, बीपी असं, बीपी तसं. माझ्या लक्षात आलं, की सगळ्यांचे हात चालू आहेत, माना हलतायत आणि कोणीच ऐकत नाही. इतकी वर्षं काउंटरवर हेच भाषण मी देत होते. त्या दिवशी का कोण जाणे, गप्प बसले आणि विचारलं, “बरं, गोळी का नको वाटते, ते तरी सांगा.”

मग जे बाहेर पडलं ते कुठल्याच पोस्टरवर मी वाचलेलं नाही. एक म्हणाली, तिशीत बीपीची गोळी चालू आहे हे सासरी कळलं तर ‘आजारी पोरगी गळ्यात मारली’ म्हणतील. दुसरी म्हणाली, घरात लग्नाची मुलगी आहे, आईला आजार आहे हे बाहेर कशाला? तिसरी म्हणाली, डोकं गरगरलं तर घेतेच की मी, गरगरत नाही तेव्हा कशाला? चौथीने सरळ पैशाचा हिशेब मांडला. सरकारी गोळी फुकट, पण रांगेत अर्धा दिवस जातो, म्हणजे पाचशे विड्या गेल्या. मग फुकट कुठे राहिली? आणि ‘लागते, सुटत नाही’ हे तर सगळ्यांचंच.

तेव्हा त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर बाई सुईने पान मोडता मोडता म्हणाली, “चष्मा पण लागलाच की मला. काढला की दिसत नाही. मग काय मला चष्म्याचं व्यसन आहे?”

सगळ्या हसल्या. मी घरी येऊन बराच वेळ त्यावर विचार करत बसले. ‘लागणे’ तोच, पण दारूच्या खोलीतून उचलून चष्म्याच्या खोलीत नेऊन ठेवला. माझ्या डिप्लोम्याला हे इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. आणि खरं सांगू? मला सुचून मी सांगितलं असतं तरी उपयोग झाला नसता. ‘हिचं दुकान चालायला पाहिजे’ असंच त्यांना वाटलं असतं. ते त्यांच्यातलीच एक बोलली, म्हणून ते पटलं.

पुढे त्यांनी भिशीतून बीपीचं मशीन घेतलं. मी ठोकच्या भावात आणून दिलं, फुकट दिलं नाही. दर बुधवारी दुपारी एकमेकींचं बघतात आणि वहीत लिहितात. डॉक्टरांकडे तिघी-तिघी मिळून जातात, म्हणजे एकीने रांगेत थांबायचं, बाकीच्या तिथेच ओट्यावर बसून विड्या वळायच्या. गोळी कधी घ्यायची यावर चांगली तासभर चर्चा झाली. ‘सकाळी नाश्त्यानंतर’ असं चिठ्ठीवर असतं, पण यांच्याकडे नाश्ता नावाची वेळच नसते. शेवटी ठरलं, सकाळचा पहिला चहा. पाकीट चहापत्तीच्या डब्यात ठेवायचं. चहा कोणी विसरत नाही.

सगळ्या टिकल्या असं मी म्हणणार नाही. एक भिवंडीला गेली, तिचं काही कळलं नाही. एकीने मोबाईलवर आलेलं ‘औषधाविना बीपी कायमचं घालवा’ बघून गोळी सोडली आणि अजून आम्हा सगळ्यांशी त्यावरून भांडते. बाकीच्या महिन्याच्या महिन्याला दुकानात येतात. त्यातल्या एकीने मला परवा सांगितलं, की आता डोकं शांत असतं, संध्याकाळी पोरांवर ओरडायला होत नाही. हे गोळीने झालं की बुधवारच्या गप्पांनी, मला माहीत नाही. दोन्हींनी झालं असेल.

ही युक्ती आमच्या गल्लीने शोधली असं मुळीच नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चांगलं मांस सैन्याकडे जात होतं आणि सरकारला वाटत होतं, की घरच्यांनी हृदय, गुर्दे वगैरे खावं. म्हणजे आपल्या वजडीच्या जातीचं सगळं. तिथल्या गृहिणींना ते हलकं अन्न वाटायचं. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने काही बायकांना यावर उत्तम व्याख्यान ऐकवलं: जीवनसत्त्वं, देशकार्य, पाककृती, सगळं. दुसऱ्या गटांत बायकांनाच आपापसांत बोलू दिलं. आमच्यासारख्या घरांत हे का शिजत नाही, नवरा काय म्हणेल, वास येतो का. आणि शेवटी, करून बघणार का, यावर हात वर करायला सांगितलं. नंतर चौकशी केली तर व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी आधी कधीच न केलेला असा पदार्थ घरी केला होता. चर्चा करून हात वर केलेल्यांपैकी ३२ टक्के. माहिती दोघींकडे सारखीच होती.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. गाडगेबाबांनी तिथे धर्मशाळा बांधल्या. बाबा गावात आले की आधी खराटा घेऊन रस्ता झाडायला लागायचे, आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे. उत्तर लोकांनीच द्यायचं, मोठ्याने, सगळ्यांच्या देखत. एकदा स्वतःच्या तोंडाने बोललेलं माणसाला सहजासहजी गिळता येत नाही. लेविनच्या हात वर करण्यात आणि त्या कीर्तनात मला तरी फारसा फरक दिसत नाही. फक्त बाबांकडे प्रोजेक्टर नव्हता.

तुमच्या भाषणांतलं एक वाक्य मला फार खटकतं. प्रत्येक शिबिरात कोणीतरी माईकवर म्हणतं, “दुर्दैवाने आपल्या सोलापुरात लोक तपासणीच करत नाहीत.” हेल्मेटच्या कार्यक्रमात हेच, पाण्याच्या कार्यक्रमात हेच. बोलणाऱ्याला वाटतं, लोकांना लाज वाटेल. ऐकणारा मनात म्हणतो, म्हणजे कोणीच करत नाही होय? मग मी एकटाच कशाला.

यावर एक प्रयोग आहे आणि तोही टॉवेलचा, म्हणजे आपल्या गावच्या धंद्यातला. अमेरिकेतल्या एका हॉटेलात, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, खोल्यांमध्ये दोन प्रकारच्या पाट्या लावल्या. एकीवर लिहिलं होतं, पर्यावरण वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा. दुसरीवर, इथे उतरणारे बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात, तुम्हीही वापरा. पहिल्या पाटीने साधारण ३५ टक्के लोकांनी टॉवेल पुन्हा वापरला, दुसरीने ४४ टक्के. कागद तेवढाच, शाई तेवढीच. तेव्हा माईकवर सांगायचंच असेल तर हे सांगा, की अमुक गल्लीतल्या बायका दर बुधवारी बीपी बघतात. खरं आहे ते. नाव घेऊ नका, लाजतील.

इथे थोडं थांबून उलट बाजूचंही बोलते, नाहीतर तुम्ही पुढच्या शिबिरात एखाद्या ‘माइंडसेट’वाल्या वक्त्याला बोलवाल आणि मला बघून हात कराल. मन बदला, आयुष्य बदलेल, हे वाक्य ऐकलं की मला माझी ती भांडणारी गिऱ्हाईक आठवते. मनाचा शरीरावर परिणाम होतो, यात शंका नाही. अमेरिकेतल्या सात हॉटेलांमधल्या ८४ सफाई कामगार बायकांवर २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यातल्या काहींना सांगितलं, की तुम्ही रोज खोल्या आवरता हा चांगला व्यायामच आहे. चार आठवड्यांनी त्यांचं वजन आणि बीपी थोडं उतरलेलं निघालं. ऐकायला गोड आहे. पण अभ्यास छोटा आहे आणि तेवढ्यावर कोणी गोळी सोडायची नसते. शिवाय दहा तास मांडी घालून, मान खाली घालून विड्या वळणाऱ्या बाईला ‘हाच तुझा योग’ असं सांगायला मी तरी जाणार नाही. तिच्या पाठीला खरं काय ते ठाऊक आहे.

आणि मन पूर्ण वळलं तरी पाय अडतात, ते कुठे अडतात हेही बघावं लागतं. मागच्या उन्हाळ्यात एका संस्थेने अगदी मनापासून शिबिर घेतलं, चांगले डॉक्टर आणले, डबाबिबा काही नाही. आलं कोण? म्हातारे पुरुष. कारण त्या दिवशी पाणी आलं होतं. सोलापुरात काही दिवसांआड येणारं पाणी सोडून कोणती बाई बीपी बघायला येईल? आयोजकांपैकी एकालाही हे सुचलं नाही, कारण त्यांच्यातल्या कोणाच्याच घरी घागर तो स्वतः भरत नव्हता. नंतर त्यांनी निष्कर्ष काढला, की या वस्तीत आरोग्याविषयी उदासीनता आहे. तसा शब्द त्यांच्या अहवालात होता. मी वाचलाय.

हा ‘उदासीनता’ शब्द म्हणजेही एक मनोवृत्तीच आहे, आणि ती तुमची आहे. बाई ऐकणारच नाही असं गृहीत धरून जो बोलतो, तो भरभर बोलतो, तोंडाकडे न बघता लिहितो, आणि तिने एक प्रश्न विचारला की वैतागतो. मग ती खरंच ऐकत नाही. माझ्या अम्मावर ओरडलेल्या त्या बाई वाईट नव्हत्या, मला आज तसं वाटतं. दिवसाला शेकड्याने माणसं बघून त्यांचं मत पक्कं झालं होतं, की या बायका असल्याच. ते मत अम्माला बीपीचा पट्टा बांधायच्या आधीच कळलं होतं.

बदल होतो, आणि अख्ख्या जिल्ह्याचा होतो. फिनलंडमध्ये नॉर्थ कॅरेलिया नावाचा भाग आहे. १९७० च्या सुमारास तिथले धट्टेकट्टे शेतकरी आणि लाकूडतोडे हृदयविकाराने पटापट मरत होते. भाकरीवर लोणी, दुधाला साय, सगळ्यात मीठ, आणि वर सिगारेट. १९७२ साली पेक्का पुस्का नावाच्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या डॉक्टरकडे तिथलं काम आलं. त्याने इस्पितळात बसून काम केलं नाही. गावातल्या गृहिणींच्या मंडळाला धरलं, त्यांनी संध्याकाळी जमून कमी मिठाचं, कमी लोण्याचं जेवण करायचं आणि एकत्र जेवायचं. बेकरीवाल्यांना, मांसाच्या सॉसेजवाल्यांना धरलं. दूधवाले शेतकरी चिडले तर त्यांना तिथे उगवणाऱ्या बोरवर्गीय फळांकडे वळवायचा मार्ग काढला. पुढे गावागावांत कोलेस्टेरॉल कोण जास्त उतरवतं याच्या शर्यतीही लागल्या. चाळीस वर्षांत कामकरी वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. त्यात नंतर आलेल्या औषधांचाही वाटा आहे, पण सुरुवात त्या संध्याकाळच्या पंगतींनी झाली.

आपल्याकडे तर त्याहून जवळ जामखेड आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं. गावातल्याच, बऱ्याचशा निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिकलेल्या नर्सचं जे गावाने ऐकलं नसतं ते त्याच गावच्या बाईचं ऐकलं. आमच्या चष्मेवाल्या आजीसारखंच.

तुम्ही म्हणाल, हे सगळं करायला वर्षं लागतात, आमच्याकडे वाढदिवस एकच दिवस असतो. मान्य. मग त्या एका दिवसाचा मंडप चार बुधवारांमध्ये वाटून टाका. डॉक्टर दर वेळी नवा आणू नका, एकच चेहरा चारदा येऊ द्या. तो तेलुगू बोलणारा असला तर बाहेरच्या पाटीचीही गरज नाही. कन्नड किंवा दखनी बोलणारा असला तरी आमच्याकडे भागतं, सोलापूर आहे हे. सासूंना वेगळं बोलवू नका, सुनांबरोबरच बसवा. ‘आजारी पोरगी’ हे वाक्य जिथून येतं तिथेच ते मोडायला हवं, आणि बहुतेक सासूबाईंचं स्वतःचं बीपी सुनेपेक्षा जास्त निघतं, हा माझा काउंटरवरचा अनुभव आहे. पुरुषांसाठी लूमच्या कारखान्यात शिफ्ट बदलताना या. दुपारी मंडपात कोण कशाला येईल?

मिठाचं बोलाल तर चटणीपासून सुरू करू नका, एवढी विनंती. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चहाचा एक चमचा भरूनसुद्धा नाही. ते ठीक आहे. पण कडक भाकरी आणि शेंगा चटणीवर ज्यांचं दुपारचं जेवण असतं त्यांना ‘चटणी सोडा’ म्हणालात तर तिथेच संपलं. आमच्या बुधवारवाल्यांनी काय केलं ते सांगते: चटणी तीच, कुटताना मीठ निम्मं, लसूण वाढवला. पापड-लोणचं दोन्ही एकाच ताटात नाही, काहीतरी एकच. हे कोणी आहारतज्ज्ञाने सांगितलेलं नाही. वहीतले आकडे बघून त्यांनीच ठरवलं. पहिला आठवडा घरात सगळ्यांनी नाकं मुरडली, असं कळलं.

अभिप्रायाचे फॉर्म मात्र खरंच बंद करा. ‘यापुढे मी नियमित तपासणी करेन : होय / नाही’. कोण ‘नाही’वर खूण करेल? १९३४ साली रिचर्ड लापियर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं होतं, की माणूस कागदावर सांगतो एक आणि दारात करतो दुसरंच. चिनी जोडप्याला घेऊन ते अमेरिकेतल्या अडीचशेहून जास्त हॉटेलांत आणि खानावळींत गेले. फक्त एका ठिकाणी नकार मिळाला. नंतर पत्र पाठवून विचारलं, की चिनी गिऱ्हाईक घ्याल का, तर उत्तर दिलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांनी ‘नाही’ कळवलं. आपल्याकडे बरोबर उलटं होतं, कागदावर सगळ्या ‘होय’. तुमचं शिबिर यशस्वी झालं का, हे त्या फॉर्मवरून कळायचं नाही. तीन महिन्यांनी आसपासच्या मेडिकलमध्ये येऊन विचारा, गोळ्या न्यायला किती जण परत येतात. नावं सांगणार नाही, आकडा सांगेन.

संक्रांतीला गड्ड्याची जत्रा आहे, त्याच्या आसपास तुमच्यापैकी बऱ्याच जणांची शिबिरं असतील. काही जणांनी वर्गणीसाठी माझ्याकडे निरोपही पाठवलाय, फ्लेक्सवर दुकानाचं नाव घालू म्हणून. वर्गणी देते. नाव नको. त्या पैशात डबे घेऊ नका, बीपीच्या मशीनला लागणारे मोठ्या मापाचे दोन पट्टे घ्या. दंड जाड असला आणि पट्टा लहान पडला तर बीपी आहे त्याहून जास्त दिसतं, आणि शिबिरात सगळ्यांना एकच पट्टा बांधलेला मी बघितलाय.

आणि कोणाला बघायचंच असेल तर बुधवारी दुपारी तीन वाजता या. पाणी आलं असेल तर चारला. दुकानात विचारलं की मी गल्ली दाखवते. सतरंजी आहे, खुर्च्या आणू नका. आल्या आल्या पट्टा बांधायला घेऊ नका. आधी सूप मांडीवरून खाली ठेवायला सांगा, पाठ भिंतीला टेकवू द्या, आणि पाच मिनिटं तुम्हीही गप्प बसा. वळता वळता थांबवून लगेच मोजलं की आकडा हमखास चढलेला येतो.

आपली,
विडी घरकुल भागातली एक मेडिकलवाली